पूल ओलांडला की दुसरा देश: चेशिनच्या वाटणीची गोष्ट

पोलंडची वीस झ्लॉटींची नोट हातात घेतली, तर एका बाजूला हजार वर्षांपूर्वीचा बोलेस्वाफ राजा दिसतो. नोट उलटली की त्याचं चांदीचं नाणं आणि त्यामागे एक गोल, जाड भिंतींची, बुटकी दगडी इमारत. हे सेंट निकोलसचं चर्च, अकराव्या शतकातलं. राजधानीतल्या भव्य वास्तू सोडून नोटेवर स्थान मिळालेली ही इवलीशी इमारत पोलंडच्या पार दक्षिण टोकाला, चेशिन नावाच्या गावात, किल्ल्याच्या टेकडीवर उभी आहे.

त्याच टेकडीच्या कडेला उभं राहून खाली पाहिलं की ओल्झा नदी दिसते. नदीवर पूल, पुलापलीकडे घरं, रस्ते, रेल्वे स्टेशन. सगळं एकाच गावाचं वाटावं इतकं जवळ. पण पलीकडचं गाव चेक प्रजासत्ताकात आहे. त्याचं नाव चेस्की त्येशिन. चेशिन आणि त्येशिन हा एकच शब्द, पहिला पोलिश जिभेवरचा, दुसरा चेक. अलीकडच्या काठावर सुमारे ३३ हजार माणसं राहतात, पलीकडे २४ हजारांच्या आसपास. १९२० पर्यंत ही दोन गावं नव्हतीच. एकच गाव होतं आणि नदी त्याच्या मधून वाहायची, बस्स.

मग सरहद्द गावाच्या मधोमध कशी आली? सोपं उत्तर असं की रेल्वेमुळे. पण तेवढ्यानं भागत नाही. त्यासाठी थोडं मागे जायला हवं, कारण या गावाची खरी गुंतागुंत वाटणीच्या सहाशे वर्षं आधीपासूनची आहे.

गावातला कुणीही आधी दंतकथा सांगेल. तीन भाऊ होते, बोल्को, लेश्को आणि चेश्को. राजपुत्रच ते. बरीच वर्षं वेगवेगळ्या दिशांनी भटकल्यावर इथल्या एका झऱ्यापाशी त्यांची गाठ पडली, आणि त्या आनंदात त्यांनी गाव वसवलं. साल सांगतात ८१०. पोलिशमध्ये आनंद होणे या क्रियापदाचा उच्चार गावाच्या नावाच्या जवळ जातो, म्हणून नावही तिथूनच आलं म्हणतात. इतिहासकार अर्थातच हे मान्य करत नाहीत. पण ‘तीन भावांची विहीर’ गावात आहे, तिच्यावर लोखंडी नक्षीची छत्री आहे, आणि दरवर्षी जूनमध्ये ‘तीन भावांचा उत्सव’ भरतो. तो नदीच्या दोन्ही काठांवर भरतो, हे मला त्या दंतकथेपेक्षाही महत्त्वाचं वाटतं.

आता खरा इतिहास. १२९०च्या सुमारास चेशिन हे एक छोटं स्वतंत्र संस्थान झालं. राज्यकर्ते पिआस्त घराण्याचे, म्हणजे पोलंडच्या पहिल्या राजवंशाचीच एक शाखा. पण १३२७मध्ये इथल्या राजानं बोहेमियाच्या, म्हणजे आजच्या चेक प्रदेशाच्या राजाचं मांडलिकत्व पत्करलं. त्या दिवसापासून चेशिन पोलंडच्या राज्यातून बाहेर पडलं ते थेट विसाव्या शतकापर्यंत. पुढे बोहेमियाचाच मुकुट विएन्नाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला. १६५३मध्ये चेशिनची शेवटची पिआस्त राणी एल्झ्बिएता लुक्रेत्सिया वारली, वंश संपला आणि आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर संस्थान खालसा होऊन हाब्सबुर्गांकडे जमा झालं.

म्हणजे राजघराणं पोलिश मुळाचं, मुकुट चेक, बादशहा जर्मन बोलणारा आणि खेड्यापाड्यांतली बहुतेक रयत पोलिशची एक बोली बोलणारी. हे सगळं एकाच वेळी खरं होतं, आणि कित्येक शतकं त्याची कुणाला अडचण झाली नाही. कारण ‘तू कोणत्या देशाचा’ हा प्रश्न शेतकऱ्याला कुणी विचारतच नव्हतं. त्याला विचारलं जायचं ते, ‘तू कोणत्या देवळात जातोस.’

आणि त्या प्रश्नानं मात्र इथे फार छळ झाला. सोळाव्या शतकात चेशिनच्या राजानं मार्टिन ल्युथरचा प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला आणि त्याच्यामागे बहुतेक प्रजाही ल्युथरन झाली. हाब्सबुर्ग मात्र कट्टर कॅथलिक. संस्थान त्यांच्या ताब्यात आलं आणि वर्षभरातच, १६५४मध्ये, ल्युथरन लोकांची चर्चं काढून घेतली गेली. लोकांनी पंथ सोडला नाही. ते लपूनछपून डोंगरात, जंगलात जमायला लागले. एखादा मोठा सपाट दगड हीच वेदी. आजही या भागातल्या बेस्किद डोंगरांत असे दगड दाखवतात आणि तिथे उघड्यावर प्रार्थना होतात.

या छळातून सुटका झाली ती कुठून? स्वीडनमधून. राजकारण असं फिरतं. १७०७मध्ये स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स फौज घेऊन मध्य युरोपात उभा होता. तो स्वतः ल्युथरन. त्यानं बादशहावर दबाव आणून करार करवून घेतला आणि त्या करारातून चेशिन ज्यात मोडतं त्या सायलेशिया प्रांतात सहा ल्युथरन चर्चं बांधायची परवानगी मिळाली. ‘कृपेची चर्चं’ असंच त्यांना म्हणतात, कारण बादशहाच्या कृपेनं मिळालेली. चेशिनला त्यातलं एक मिळालं, १७०९मध्ये. गावाच्या वेशीबाहेर, विश्शा ब्रामा म्हणजे ‘वरची वेस’ नावाच्या जागी.

हे चर्च आत जाऊन पाहिलं की परिस्थिती लगेच कळते. भिंतींना लागून एकावर एक सज्जे चढत गेले आहेत, एखाद्या जुन्या नाट्यगृहासारखे. सगळ्या पंचक्रोशीला हे एकच चर्च होतं, माणसं पहाटे अंधारात घरून निघून डोंगर उतरून चालत यायची, आणि त्या सगळ्यांना एका छपराखाली बसवायचं होतं. हजारो माणसं मावतील एवढं ते मोठं आहे. आज पोलंडमध्ये कॅथलिकांचं मोठं बहुमत आहे, आणि तरी देशातल्या ल्युथरनांपैकी निम्म्याहून अधिक माणसं चेशिनच्या आसपासच राहतात. कुणाच्या मनातून काही काढून घेता येत नाही याचा एवढा मोठा पुरावा क्वचितच दगडमातीत उभा राहिलेला असतो.

अठराव्या शतकाबद्दल दोनच गोष्टी सांगतो. १३ मे १७७९ रोजी ऑस्ट्रिया आणि प्रशियानं इथे तह केला आणि एक युद्ध थांबलं. त्या युद्धात मोठ्या लढाया झाल्याच नाहीत. दोन्हीकडच्या सैन्यांचा वेळ शेतातले बटाटे गोळा करण्यातच गेला, म्हणून त्याचं नावच ‘बटाट्यांचं युद्ध’ पडलं. दुसरी गोष्ट शेर्श्निक नावाच्या शिक्षकाची. हे मूळचे जेझुइट धर्मगुरू. त्यांनी आयुष्यभर ग्रंथ आणि वस्तू जमवल्या आणि १८०२मध्ये त्या लोकांसाठी खुल्या केल्या. मध्य युरोपातल्या सगळ्यांत जुन्या सार्वजनिक संग्रहालयांपैकी हे एक आहे, आणि त्यांचा ग्रंथसंग्रह आजही गावानं जपलेला आहे.

आता रेल्वे. इथून गोष्ट वेग घेते.

एकोणिसाव्या शतकात नदीच्या पश्चिमेला कार्विना भागात दगडी कोळशाच्या खाणी वाढल्या. दक्षिणेला त्रिनेत्स इथे १८३९मध्ये लोखंडाचा कारखाना निघाला होताच. कोळसा आणि लोखंड आलं की रेल्वे येणारच. बोहुमिनहून कोशित्सेकडे जाणारी लांबलचक लाइन चेशिनवरून गेली. जुनं गाव, किल्ला, बाजारचौक हे सगळं नदीच्या पूर्व काठावर टेकडीवर होतं. रुळांना सपाट जमीन लागते. म्हणून स्टेशन पश्चिम काठावर झालं आणि तिथे त्याच्याभोवती नवी वस्ती उभी राहिली. त्या वेळी ही निव्वळ सोयीची गोष्ट होती.

१९११ साली दोन्ही काठांना जोडणारी ट्रॅम सुरू झाली. स्टेशनपासून निघायची, पूल ओलांडायची, चढावर असलेल्या गावातून वर जायची आणि वरच्या वेशीपाशी थांबायची. जेमतेम दोन किलोमीटरचा मार्ग. त्याच सुमारास, १९१०मध्ये, विएन्नाच्या नामांकित वास्तुरचनाकारांनी बांधलेलं नाट्यगृह उघडलं. गावात जर्मन बोलणारे बहुसंख्य, भोवतालच्या खेड्यांत पोलिश, पश्चिमेकडे चेक, आणि व्यापारात, वकिलीत, डॉक्टरकीत ज्यू कुटुंबं. साधा दुकानदारही तीन भाषांत हिशोब सांगायचा.

१९१८मध्ये हाब्सबुर्ग साम्राज्य कोसळलं. त्याच्या जागी नवे देश उभे राहत होते, त्यातले दोन पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया. दोघांनीही चेशिनवर हक्क सांगितला, आणि दोघांचंही म्हणणं आपापल्या परीनं खरं होतं.

पोलंडचं म्हणणं साधं होतं: इथली बहुतेक माणसं पोलिश बोलतात, त्यांना आमच्याकडे यायचंय. चेकांचं म्हणणं असं: १३२७पासून हा मुलूख बोहेमियाच्या मुकुटाचा आहे. आणि त्यापुढे, खरी निकड: बोहुमिन ते कोशित्से ही रेल्वे म्हणजे चेक प्रदेश आणि स्लोव्हाकिया यांना जोडणारी मुख्य नस. ती दुसऱ्याच्या हातात गेली तर नवा देश मधूनच तुटेल. शिवाय कार्विनाचा कोळसा. या दोघांच्या गलबल्यात एक तिसरा आवाज होता, योझेफ कोझ्दोन या शिक्षकाचा. त्याचं म्हणणं, आम्ही पोलिशही नाही आणि चेकही नाही, आम्ही सायलेशियाचे, आम्हाला आमचं राहू द्या. त्याच्यामागे बरीच माणसं होती. वाटाघाटीच्या टेबलावर मात्र त्याला खुर्चीच नव्हती.

गंमत नव्हे, दुःख वाटावं अशी गोष्ट म्हणजे स्थानिक लोकांनी आधी तोडगा काढला होता. ५ नोव्हेंबर १९१८ रोजी दोन्ही बाजूंच्या स्थानिक मंडळांनी आपसांत बसून भाषेनुसार तात्पुरती हद्द ठरवली. प्रागच्या सरकारला ती पटली नाही. त्यात पोलंडनं या भागासह लोकसभेच्या निवडणुका जाहीर केल्या, आणि निवडणुकीच्या तीनच दिवस आधी, २३ जानेवारी १९१९ रोजी, चेक सैन्य आत शिरलं. आठवडाभर लढाई चालली. दोन्हीकडची माणसं मेली. मित्रराष्ट्रांनी मध्ये पडून लढाई थांबवली आणि सार्वमत घ्यायचं ठरवलं. पण गावागावांत मारामाऱ्या इतक्या पेटल्या की सार्वमत झालंच नाही.

अखेर निर्णय पॅरिसमध्ये झाला. १९२०चा जुलै महिना. पूर्वेकडून सोव्हिएत फौजा वॉर्साच्या दिशेनं येत होत्या आणि पोलंड जीव वाचवायच्या धडपडीत होता. भांडायची ताकद नसलेल्याकडून सही घेणं सोपं असतं. २८ जुलै १९२० रोजी मित्रराष्ट्रांच्या राजदूतांच्या परिषदेनं रेघ ओढली, आणि गावापुरती ती रेघ म्हणजे ओल्झा नदी. किल्ला, बाजारचौक, जुनी चर्चं, नाट्यगृह, संग्रहालय हे पोलंडला. स्टेशन आणि रेल्वे चेकोस्लोव्हाकियाला. खाणी आणि लोखंडाचा कारखानाही तिकडेच. लाखाहून अधिक पोलिश माणसं पलीकडे राहिली. त्या पट्ट्याला पोलिशमध्ये आजही ‘झाओल्झे’ म्हणतात, म्हणजे ओल्झेपलीकडचा मुलूख.

म्हणून सुरुवातीला म्हटलं, रेल्वेमुळे. नकाशावर पेन फिरवणाऱ्यांना रूळ दिसत होते.

याचा रोजच्या जगण्यात अर्थ काय झाला? एका गावाला मुख्य स्टेशन नाही, दुसऱ्याला चौक नाही, नगरपालिका नाही. चेक बाजूला ते सगळं नव्यानं उभारावं लागलं. पुलावर तपासणी नाके आले. ट्रॅमचा तर सगळा मार्गच पुलावरून जायचा. दोन किलोमीटरच्या फेरीत मध्येच दुसऱ्या देशाची हद्द लागणारी ट्रॅम कशी चालवायची? १९२१च्या एप्रिलमध्ये ती बंद पडली आणि पुन्हा कधी सुरू झाली नाही. आणि कोझ्दोन? ज्याला दोन्ही देश नको होते, तो १९२३ ते १९३८ चेस्की त्येशिनचा नगराध्यक्ष होता.

पुढचा भाग सांगताना हात जड होतो. १९३८मध्ये म्युनिकला हिटलरपुढे चेकोस्लोव्हाकियाचा बळी दिला गेला, आणि त्याच वेळी पोलंडनं प्रागला निर्वाणीचा खलिता धाडून झाओल्झे मागितलं. २ ऑक्टोबरला पोलिश सैन्य पुलावरून पलीकडे गेलं. तिथल्या पोलिश लोकांनी फुलं उधळली, आणि हजारो चेक कुटुंबांना घरं सोडावी लागली. एकाच रस्त्यावर, एकाच आठवड्यात, या दोन्ही गोष्टी घडल्या. वर्षही टिकलं नाही ते. १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्धाच्या पहिल्याच दिवशी, जर्मन सैन्य चेशिनमध्ये आलं. त्याच महिन्यात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, जाळलं गेलं. ज्यू समाज संपवला गेला. आज गावात त्यांच्या दोन दफनभूमी उरल्या आहेत. २० मार्च १९४२ रोजी नाझींनी २४ पोलिश माणसांना लोकांदेखत फाशी दिली. या काळात दोन्ही काठ पुन्हा ‘एक गाव’ होते हे नोंदवायला हवं. एकत्र येणं नेहमी चांगलंच असतं असं नाही.

सत्तर वर्षांनी, १ सप्टेंबर २००९ रोजी, पोलंडचे राष्ट्राध्यक्ष लेख काचिन्स्की यांनी जाहीर भाषणात सांगितलं की १९३८मधलं ते कृत्य नुसती चूक नव्हती, पाप होतं. देशाच्या प्रमुखानं असा शब्द वापरणं सोपं नसतं.

युद्धानंतर सरहद्द पुन्हा नदीवर आली आणि १९५८च्या करारानं ती कायम झाली. दोन्ही देश साम्यवादी, कागदोपत्री बंधुराष्ट्रं. पण पूल ओलांडायचा तर कागदपत्रं, परवाने, रांगा. याच काळात चेशिनच्या ‘ओल्झा’ कारखान्यात, १९५५मध्ये, चॉकलेटचा थर दिलेलं एक वेफर निघालं: प्रिन्स पोलो. सोनेरी कागदातलं ते वेफर देशभर पोचलं, आणि पार आइसलँडमध्ये घरोघरी आवडीचं झालं. पोलंडमधल्या कुणालाही विचारा, त्याच्या लहानपणात तो सोनेरी कागद असतोच. तो चेशिनचा आहे हे मात्र सगळ्यांना माहीत नसतं.

२१ डिसेंबर २००७ रोजी शेंगेन करार लागू झाला आणि पुलावरची तपासणी संपली. सत्त्याऐंशी वर्षांनी.

आज तिथलं रोजचं जगणं कसं असतं? बाजारचौकातून ग्वेंबोका नावाचा रस्ता उतारावरून थेट किल्ल्याकडे आणि पुलाकडे जातो. नावाचा अर्थच ‘खोल’. या रस्त्यानं खाली उतरायचं, ‘मैत्रीचा पूल’ ओलांडायचा की दुसरा देश. तिकडे चलन वेगळं, क्राउन; पण सरहद्दीजवळच्या बऱ्याच दुकानांत दोन्ही चलनं चालतात. पलीकडचे लोक किराणा घ्यायला इकडे येतात, इकडचे लोक चेक बिअर, कोफोला नावाचं शीतपेय आणि चॉकलेट आणायला तिकडे जातात. कुठे काय स्वस्त आहे हे गावातल्या प्रत्येकाला तोंडपाठ.

चेशिनची खाण्याची खूण म्हणजे हेरिंगचं सँडविच. नाव मोठं, वस्तू साधी: पांढऱ्या लांबट पावाचा एक काप, त्यावर बारीक चिरलेल्या उकडलेल्या भाज्यांचं मेयोनेज घातलेलं सॅलड, त्यावर मुरवलेल्या हेरिंग माशाचा तुकडा आणि कांदा. वरचा पाव नाहीच. सहकारी संस्थेच्या जुन्या दुकानात ट्रेमध्ये ओळीनं मांडलेली असतात. लोक उभ्या उभ्या दोन-तीन खातात आणि कामाला लागतात. दुसरी खूण नाताळची: अगदी नखाएवढी, पुष्कळ प्रकारची बिस्किटं. दिवाळीच्या फराळासारखंच त्यांचं आठवडे आधी घरोघरी सुरू होतं आणि ज्याच्या त्याच्या आजीचीच बिस्किटं सगळ्यांत चांगली असतात.

दोन्ही काठांवरची जुनी माणसं एकच बोली बोलतात. तिला ती ‘पो नशिमु’ म्हणतात, म्हणजे ‘आपल्यासारखं’. मुळात पोलिश, पण चेक आणि जर्मन शब्दांनी भरलेली. भाषेला देशाचं नाव न देता नुसतं ‘आपल्यासारखं’ म्हणणं यात या मुलखाचा अख्खा इतिहास आला असं मला वाटतं. चेक बाजूला आजही पोलिश माध्यमाच्या शाळा आहेत, काही ठिकाणी पाट्या दोन्ही भाषांत आहेत. त्यावरून वाद होतात, कधी कुणी पाटीवरच्या पोलिश नावावर रंग फासतं. सगळं गोडीगुलाबीचं आहे असा समज करून घेऊ नये. आणि एक नवल: १९१०चं देखणं नाट्यगृह पोलिश बाजूला आहे, पण त्याला स्वतःचा कायमचा नाट्यसंच नाही. पोलिश नाटकं करणारा व्यावसायिक संच आहे तो चेक बाजूच्या नाट्यगृहात, १९५१पासून, चेक संचाच्या शेजारी.

मार्च २०२०मध्ये करोनामुळे पोलंडनं सीमा बंद केली आणि पुलावर पुन्हा अडथळे आले. इथली कित्येक माणसं रोज पलीकडे खाणीत, कारखान्यात कामाला जाणारी. काहींची लग्नं पलीकडे झालेली, काहींचे आईवडील तिकडे. एका रात्रीत सगळं तुटलं. एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर उतरले, आम्हाला कामावर जाऊ द्या म्हणून. त्याआधीच नदीच्या पोलिश काठावर एक मोठं कापड लागलं होतं. त्यावर पोलिशमध्ये लिहिलं होतं: मला तुझी आठवण येते, चेका. थोड्याच दिवसांत समोरच्या काठावर उत्तर लागलं, चेकमध्ये: आणि मला तुझी, पोलिशा.

जूनमध्ये अडथळे निघाले. चेशिनच्या माणसाला प्रागला जायचं असलं की तो आताही ग्वेंबोका उतरतो, पूल ओलांडतो आणि १९२०मध्ये तिकडे गेलेल्या त्या स्टेशनवर जाऊन गाडी पकडतो. चार तासांच्या आसपास प्राग.